दर रविवारी पिलाताचं नाव का घ्यायचं? (ख्रिस्ती ईश्वरविज्ञान आणि इतिहास)

नगरचा_वाचक

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या खेड्यातली. अक्षरओळख नव्हती, पण उपासना सगळी तोंडपाठ. विश्वासांगीकार, म्हणजे आमच्या विश्वासाची ठरलेली कबुली, म्हणायला मंडळी उभी राहिली की ती पदर सावरायची, डोळे मिटायची. "पंतय पिलाताच्या वेळेस दुःख भोगले" इथे आलं की दर वेळी तिचा आवाज जरा चढायचा. एकदा चर्चमधून घरी येताना तिने मला विचारलं, "देवाचं नाव घेतो, मरियेचं घेतो, ते बरोबर. पण ज्याने मारलं त्या सुभेदाराचं नाव दर रविवारी कशाला घ्यायचं रे?" मी तेव्हा सातवीत होतो. संडे स्कूलमध्ये विचारलं, तर "असले प्रश्न विचारू नयेत" एवढंच ऐकायला मिळालं.

या प्रश्नाचं उत्तर सापडायला मला वीसेक वर्षं लागली आणि सापडल्यावर त्यातून आणखी प्रश्न निघाले. म्हणून हा धागा.

त्या अंगीकारात येशूखेरीज दोनच माणसांची नावं आहेत, मरिया आणि पिलात. पेत्र नाही, पौल नाही, अब्राहाम नाही, मोशे नाही. पिलात आहे तो काळ सांगण्यासाठी. आपल्या जुन्या कागदांत "अमक्याच्या कारकिर्दीत" असं लिहितात ना, तसं. यहूदीयावर त्याचा अंमल होता इ.स. २६ ते ३६. म्हणजे ज्या दुःखावर आमचा विश्वास आहे ते एका ठरावीक दहा वर्षांत, एका ठरावीक शहरात, रोमी कायद्याखाली झालेलं दुःख आहे. पहिल्या पिढीतला प्रेषित पौल तर करिंथ शहरातल्या मंडळीला सरळ लिहितो की ख्रिस्त उठवला गेला नसेल तर आमचं सांगणं व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ.

एवढं बोलल्यावर मग इतिहासकार दारात येणारच. "घडलं म्हणता, तर दाखवा." गेली अडीचशे वर्षं ख्रिस्ती ईश्वरविज्ञान या एका मागणीशी झगडतं आहे.

सुरुवात झाली हॅम्बुर्गमध्ये. हेरमान झामुएल रायमारुस हे पौर्वात्य भाषांचे प्राध्यापक. बाहेर सभ्य, चर्चला जाणारे. घरात मात्र त्यांनी शुभवर्तमानांची, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकांची, कसून चिकित्सा करणारं एक प्रचंड हस्तलिखित लिहून ठेवलं. जवळच्या मोजक्या लोकांखेरीज कोणाला दाखवलं नाही. १७६८ मध्ये ते वारले. पुढे वोल्फेनब्युटलच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल लेसिंग यांनी १७७४ ते १७७८ या काळात त्यातले उतारे लेखकाचं नाव न देता छापले. शेवटच्या उताऱ्यात म्हटलं होतं की येशूचा हेतू वेगळा होता आणि शिष्यांनी सांगितलेली गोष्ट वेगळी. मोठं काहूर माजलं. अखेर लेसिंगला या विषयावर सेन्सॉरखेरीज छापायला बंदी झाली.

पण मला रायमारुसपेक्षा लेसिंग जास्त भिडतो. १७७७ च्या एका छोट्या निबंधात तो म्हणतो की चमत्कार स्वतः पाहिले असते तर गोष्ट निराळी, माझ्यापाशी आहेत त्या चमत्कारांच्या बातम्या. आणि इतिहासात घडलेल्या गोष्टींवरून बुद्धीची अटळ सत्यं कधीच सिद्ध होत नाहीत. मध्ये एक ओंगळ, रुंद चर आहे. मी कितीदा मनापासून उडी मारायचा प्रयत्न केला, पण तो ओलांडता येत नाही. कोणी मदत करू शकत असेल तर करा, अशी तो विनवणी करतो. त्यात मला थट्टा दिसत नाही. हाच प्रश्न मी सातवीत विचारला होता, माझ्यापाशी तेव्हा एवढे शब्द नव्हते.

पुढे १८३५ मध्ये ट्युबिंगेनच्या दाविद फ्रीडरिश श्ट्राउसने वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी येशूचं चरित्र लिहिलं. त्याचं म्हणणं, शुभवर्तमानांतला मोठा भाग खोटा नाही आणि इतिहासही नाही. तो 'मिथक' आहे, म्हणजे श्रद्धाळू समाजाने जुन्या कराराच्या भाषेत घडवलेली कथा. त्याची तिथली नोकरी गेली. १८३९ मध्ये झ्युरिकने त्याला प्राध्यापक नेमलं, तर लोक इतके खवळले की शिकवायला उभं राहण्याआधीच त्याला पेन्शन द्यावं लागलं, आणि त्याच वर्षी तिथलं सरकारही पडलं. ईश्वरविज्ञानातल्या एका नेमणुकीपायी सरकार पडलं!

एकोणिसावं शतक मग येशूची चरित्रं लिहिण्यात गेलं. १९०६ मध्ये आल्बर्ट श्वाइट्झरने त्या सगळ्यांचा पंचनामा केला. ज्याने त्याने आपल्याच काळातला भला माणूस येशूमध्ये पाहिला होता. हारनाक या जर्मन ईश्वरविज्ञान्याने रंगवलेल्या ख्रिस्ताबद्दल जॉर्ज टिरेल या आयरिश कॅथलिक धर्मपंडिताने लिहिलं की खोल विहिरीत वाकून पाहताना तळाशी दिसावा तसा तो एका उदारमतवादी प्रोटेस्टंटाचा चेहरा आहे. विहिरीत डोकावून वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

माझा प्रश्न असा. चर ओलांडता येत नाही, विहिरीत आपलाच चेहरा दिसतो, हे मान्य. मग ईश्वरविज्ञानाने इतिहासाचा नाद सोडावा का? माझं मत 'नाही' असं आहे. कारणं सांगेन, पण आधी तुमचं ऐकायचंय.

सांजवात

फार मनापासून लिहिलंय. आजीचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

मोडीवाला

मी ख्रिस्ती नाही, माझा अभ्यास मराठ्यांच्या इतिहासाचा. पण हा झगडा माझ्या ओळखीचा आहे, म्हणून लिहितो.

राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला १८९८ मध्ये. अस्सल पत्रं एका बाजूला आणि बखरी दुसऱ्या बाजूला ठेवून त्यांनी बखरींची जी झडती घेतली, तिथून आमच्याकडे "कागद दाखवा" ही शिस्त आली. नेमक्या त्याच वर्षी जर्मनीत एर्न्स्ट ट्रोल्च यांनी इतिहासाची पद्धत आणि धर्मसिद्धांताची पद्धत यांवर निबंध लिहिला. त्यांच्या तीन कसोट्या अशा. प्रत्येक साधन तपासायचं आणि निष्कर्ष संभाव्यच मानायचा. आज जे घडताना दिसतं त्याच्या साधर्म्याने जुन्याचा अंदाज बांधायचा. आणि कुठलीही घटना आजूबाजूच्या कार्यकारणाच्या जाळ्यातच पाहायची. ट्रोल्च बजावतात की ही पद्धत एकदा आत घेतली की सगळं आंबवते, अर्धीमुर्धी घेता येत नाही. विरजणासारखी.

आता शुभवर्तमानांकडे माझ्या सवयीने पाहतो. शिवाजी महाराज वारले १६८० मध्ये, सभासदाची बखर १६९७ च्या सुमाराची. सतरा वर्षांचं अंतर, लिहिणारा दरबारात वावरलेला, लिहायला सांगणारे खुद्द राजाराम महाराज. तरीही आम्ही तिच्यातली प्रत्येक ओळ कागदांशी ताडून घेतो. मार्काचं शुभवर्तमान सत्तर सालाच्या आसपासचं धरतात, म्हणजे साधारण चाळीस वर्षांचं अंतर. पौलाची पत्रं पन्नासच्या दशकातली. तेव्हा पौल म्हणजे अस्सल पत्र आणि मार्क म्हणजे बखर. बखर म्हणजे खोटं, असं मी म्हणत नाही. बखरकाराला काय सांगायचंय ते कळल्याशिवाय बखर वाचता येत नाही, एवढंच.

आणि बखर आपल्या नायकाला अडचणीची ठरेल अशी गोष्ट सांगते, तेव्हा आम्ही कान टवकारतो. पेत्राने तीनदा नाकारलं, योहानाकडून येशूने बाप्तिस्मा घेतला, रिकामी कबर आधी बायकांनी पाहिली. त्या काळात बायकांच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. रचायची असती तर ही गोष्ट अशी रचली नसती.

नगरचा_वाचक

मोडीवाला, बखरीची तुलना फार उपयोगी पडली. पौल-पत्र, मार्क-बखर हे मी आमच्या अभ्यासवर्गात सांगणार आहे.

एक भर घालतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल म्हणतो, "मला जे मिळालं तेच मी तुम्हाला सोपवलं", आणि मग ठेक्यात चार गोष्टी सांगतो. मेला, पुरला गेला, उठवला गेला, दिसला. ही त्याची स्वतःची वाक्यं नाहीत, त्याला सोपवलेली आहेत. म्हणजे पत्रापेक्षाही जुनी. तुमच्या भाषेत, पत्राच्या आत जपलेला त्याहून जुना कागद.

पाचूबंदर

वसईहून. आमच्याकडे कॅथलिक मंडळीत या विषयाचा घाव वेगळ्या जागी बसला, तो सांगितला पाहिजे.

आल्फ्रेद ल्वाझी हे फ्रेंच धर्मगुरू. १९०२ मध्ये हारनाकला उत्तर द्यायला त्यांनी पुस्तक लिहिलं. त्यांचं एक वाक्य सगळीकडे उद्धृत होतं : येशूने राज्याची घोषणा केली आणि आलं ते चर्च. पुष्कळ जण ते टोमणा म्हणून वापरतात. ल्वाझी मात्र चर्चची बाजू मांडत होते. बी तसंच राहिलं असतं तर मेलं असतं, झाड झालं म्हणूनच ते जिवंत आहे, असा त्यांचा रोख. रोमला ते पटलं नाही. १९०७ मध्ये आधुनिकतावादाविरुद्ध, म्हणजे ही नवी चिकित्सा चर्चमध्ये आणू पाहणाऱ्या विचाराविरुद्ध, पोपचं परिपत्रक निघालं, १९०८ मध्ये ल्वाझींना बहिष्कृत केलं, आणि १९१० पासून प्रत्येक धर्मगुरूला आधुनिकतावादाविरुद्ध शपथ घ्यावी लागू लागली. ही शपथ १९६७ मध्ये रद्द झाली. सत्तावन्न वर्षं! वसईत माझ्या आजोबांच्या वयाचे जे फादर होते, ते सगळे ही शपथ घेऊनच वेदीवर चढलेले.

मग १९४३ मध्ये पोप बाराव्या पायसने बायबलच्या अभ्यासकांना मूळ भाषा आणि साहित्यप्रकार पाहून अर्थ लावायची मोकळीक दिली. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा 'देई वेर्बुम' हा दस्तऐवज आला. त्यात शुभवर्तमानं ऐतिहासिक आहेत असं ठाम सांगितलंय. शिवाय लेखकांनी तोंडी आणि लेखी आलेल्यातून निवड केली, काही संक्षेपात मांडलं, मंडळींची स्थिती पाहून समजावून सांगितलं, हेही स्वीकारलंय. १९१० मध्ये हे बोलणारा अडचणीत आला असता.

ईशज्ञानाच्या वर्गात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आनंद झाला नाही, राग आला. एवढी वर्षं का लावली?

नेकारतट

श्ट्राउसच्या गावात, म्हणजे ट्युबिंगेनमध्ये राहते. ज्या मठवजा वसतिगृहात तो शिकला आणि शिकवत होता ती इमारत अजून तशीच वापरात आहे. खाली नदी, वर खिडक्या. कामावर जाताना रोज दिसते.

जर्मनमध्ये इतिहासाला दोन शब्द आहेत, 'हिस्टोरी' आणि 'गेशिश्ट'. रोजच्या बोलण्यात फारसा फरक करत नाहीत. १८९२ मध्ये मार्टिन केलरने मात्र त्यावर सगळा डोलारा उभा केला. 'हिस्टोरी' म्हणजे कागद तपासून मागे काय उरतं ते. 'गेशिश्ट' म्हणजे जे घडलं आणि अजून आपल्यावर घडतं आहे ते. त्याचं म्हणणं, प्राध्यापकांनी उकरून काढलेला येशू मंडळीला कधीच जिवंत करू शकला नाही, मंडळी जगली ती घोषणेतल्या ख्रिस्तावर.

पुढच्या पिढीतले ईश्वरविज्ञानी बार्ट आणि बुल्टमान यांनी वेगवेगळ्या वाटांनी हेच पुढे नेलं. बार्टचं कारण पुस्तकी नव्हतं. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये त्र्याण्णव जर्मन विद्वानांनी युद्धाचं समर्थन करणारं पत्रक काढलं, त्यावर बार्टच्या गुरूंच्या सह्या होत्या, हारनाकचीही. येशूचा इतिहास आयुष्यभर शिकवणारी माणसं तोफांच्या बाजूने उभी राहिली, तर त्या इतिहासाचा उपयोग काय, असा त्याला धक्का बसला. बुल्टमान तर म्हणाला की येशू होता आणि क्रुसावर गेला, विश्वासाला एवढं 'होता' पुरे. तो कसा होता, काय खात होता, याने विश्वासाला काही मिळत नाही.

तुमच्या चर्चेत हा मुद्दा यायला हवा, कारण हे पळून जाणं नव्हतं. विश्वास इतिहासकाराच्या पुढच्या पुस्तकावर टांगून ठेवायचा नाही, ही त्यामागची कळकळ होती.

सांजवात

नेकारतट ताई, मलाही तेच म्हणायचं होतं, तुम्ही नीट मांडलंत. मी वारकरी घरातली. आमच्याकडे तुकोबांच्या गाथेच्या वह्या नदीतून कोरड्या वर आल्या, असं सांगतात. ते कोणत्या सालात आणि कोणी पाहिलं, हे माझ्या आईने कधी विचारलं नाही. अभंग म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं, तिला तेवढं पुरतं. विश्वास हा अनुभव आहे. मग ख्रिस्ती लोकांनी इतिहासाचं एवढं ओझं का वाहावं? चर ओलांडायचीच कशाला? अलीकडच्या काठावर बसूनही प्रार्थना होते की.

नगरचा_वाचक

सांजवात ताई, तुमच्या आईच्या डोळ्यांतलं पाणी मला माझ्या आजीच्या डोळ्यांत दिसलेलं आहे. त्याला मी कमी लेखणार नाही. पण आता माझं कारण सांगतो.

१९३९ च्या मे महिन्यात जर्मनीत आयझेनाखला एक संस्था उघडली. चर्चच्या जीवनातला ज्यू प्रभाव शोधून तो नाहीसा करायचा, हे तिचं काम आणि तिच्या नावातच ते लिहिलेलं. अभ्यासाची बाजू सांभाळायला वाल्टर ग्रुंडमान, येना विद्यापीठातला नव्या कराराचा प्राध्यापक. या लोकांनी १९४० मध्ये नवा करार छापला तो ज्यू खुणा खरवडून. स्तोत्रसंग्रहातून 'हालेलुया', 'होसान्ना', 'सियोन' काढले. आणि ग्रुंडमानने त्याच वर्षी पुस्तक लिहिलं की येशू गालीलचा, गालीलमध्ये मिश्र वस्ती, म्हणून येशू ज्यू असण्याचा संभव नाही. बाहेर ज्यूंना गाड्यांत भरून नेत होते आणि चर्चच्या आत येशूचं ज्यूपण खरवडणं चाललं होतं.

आता अलीकडच्या काठावर बसून, नुसत्या अनुभवाच्या जोरावर, मी ग्रुंडमानला काय सांगू? तो म्हणेल, "माझ्या ख्रिस्ताचा मला अनुभव आहे, तो आर्य आहे." माझ्या अनुभवापुढे त्याचा अनुभव. निवाडा कसा करायचा?

एर्न्स्ट केझमान हा बुल्टमानचाच विद्यार्थी. हिटलरच्या काळात पाळक असताना एका प्रवचनापायी त्याने तुरुंग पाहिला. १९५३ मध्ये जुन्या विद्यार्थ्यांच्या बैठकीत गुरूसमोर उभा राहून तो म्हणाला की येशूच्या इतिहासाशी नातं तोडलं तर ख्रिस्त ही हवेतली कल्पना उरते, आणि कल्पनेला कोणीही हवा तो रंग देतो. तिथून येशूच्या इतिहासाचा शोध नव्याने सुरू झाला.

बुल्टमानवर मी अन्याय करत नाही. तो स्वतः नाझींविरुद्धच्या कन्फेसिंग चर्चमध्ये होता, आणि ज्यू वंशाच्या पाळकांना काढायच्या नियमाला त्याने उघड विरोध केला. माणूस खरा होता. पण त्याच्या सिद्धांतात ग्रुंडमानला अडवणारा दगड नव्हता.

मोडीवाला

नगरचा_वाचक, इथे तुम्हाला थांबवतो. ग्रुंडमान अनुभवाच्या नावाने कुठे बोलत होता? तो इतिहासाच्याच नावाने बोलत होता. विद्यापीठातला प्राध्यापक, तळटीपा देऊन लिहिणारा. हिटलरची वाट इतिहासातूनच मोकळी झाली, असंही कोणी म्हणू शकेल. मग औषध आणि रोग एकच झालं ना?

नगरचा_वाचक

बरोबर पकडलंत. रात्रभर विचार केला त्यावर.

हो, तो इतिहासाच्या नावाने बोलला. आणि म्हणूनच तो खोटा पाडता आला. गालीलच्या पहिल्या शतकातल्या वस्त्या पुढे खणल्या, तेव्हा काय निघालं? दगडी भांडी, कारण ज्यू नियमाप्रमाणे दगडाला विटाळ लागत नाही. पायऱ्या उतरून जायची शुद्धिस्नानाची कुंडं. उकिरड्यांत हाडं मेंढ्यांची, शेळ्यांची, गुरांची, पण डुकराची जवळजवळ नाहीत. गालील चांगला कट्टर ज्यू होता. एका प्राध्यापकाचं पुस्तक कुंभारवाड्यातल्या आणि उकिरड्यातल्या पुराव्याने पाडलं. माझी आजी उकिरड्याशेजारी वाढलेली, तिला हे किती आवडलं असतं.

इतिहास वाईट लिहिला जाऊ शकतो. पण तो चव्हाट्यावर येतो, दुसऱ्याला तपासता येतो. अनुभव चव्हाट्यावर येत नाही, आणला तर तो अनुभव राहत नाही. ईश्वरविज्ञानाला चव्हाट्याची गरज आहे, असं मला मनापासून वाटतं.

आणि केझमानच्या पिढीनेही चूक केलीच. येशूचं खरं वचन ओळखायची त्यांची एक कसोटी अशी होती की जे त्या काळच्या ज्यू धर्मातही बसत नाही आणि पुढच्या चर्चमध्येही बसत नाही, ते नक्की येशूचं. म्हणजे पुन्हा ज्यू नसलेला येशूच चाळणीतून खाली पडणार! ही चूक दुरुस्त झाली ती १९७३ मध्ये गेझा वेरमेश आणि १९८५ मध्ये ई. पी. सँडर्स यांच्या अभ्यासाने. दोघांनी येशूला पुन्हा त्याच्या लोकांत नेऊन बसवलं. त्यातले वेरमेश हंगेरीतल्या ज्यू घरातले, त्यांचे आईवडील नाझींच्या संहारात गेले.

नेकारतट

ग्रुंडमानबद्दल एक सांगायचं राहिलं. युद्धानंतर तो पूर्व जर्मनीत चर्चमध्येच शिकवत राहिला, आणि त्याने शुभवर्तमानांवर लिहिलेली भाष्यं पाळक लोक पुढे कित्येक वर्षं वापरत होते. इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ती अजून मिळतात. मी एकदा हातात घेतलं, उघडलं आणि ठेवून दिलं.

रानफूल

सगळा धागा वाचला. सगळं जर्मनीत चाललंय. आपल्याकडे इतिहासाचा प्रश्न याहून जुना आहे, तो कोणी काढणार की नाही?

१८३१ मध्ये मुंबईत मोरभट दांडेकर आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचा जाहीर वाद झाला. मिशनऱ्यांचा भर कशावर होता? तुमच्या पुराणांत न घडलेल्या गोष्टी, आमच्या शास्त्रात घडलेल्या. इतिहासाची काठी घेऊन त्यांनी पुराणं झोडपली. आणि चारच वर्षांनी श्ट्राउसने तीच काठी शुभवर्तमानांवर उगारली. इथल्या लोकांना "तुमचं मिथक, आमचा इतिहास" सांगत होते, तेव्हाच त्यांच्या घरी "आपलंही मिथकच का?" हे भांडण पेटत होतं. त्या आधी १६१६ मध्ये गोव्यात फादर स्टीफन्सनी येशूची कथा मराठी ओव्यांत लिहिली, तिला नाव दिलं पुराणाचं. त्यांना तो शब्द लाजिरवाणा वाटला नाही.

दुसरं. आमचे लोक, म्हणजे मांग-महार वाड्यांतून ख्रिस्ती झालेले, त्यांच्यासाठी इतिहास म्हणजे फक्त पहिल्या शतकात काय घडलं एवढंच नाही. अरविंद निर्मळ यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात जे भाषण केलं, तिथून दलित ईश्वरविज्ञान उभं राहिलं. त्यांनी अनुवादाच्या पुस्तकातला सव्विसावा अध्याय घेतला. तिथे इस्राएली माणूस पहिल्या पिकाची टोपली घेऊन येतो आणि म्हणतो, माझा पूर्वज भटका अरामी होता. विश्वासाची कबुली तो आपल्या इतिहासाने सुरू करतो, देवाच्या व्याख्येने नव्हे. निर्मळांनी विचारलं, मग आमची कबुली आमच्या इतिहासाने का सुरू होऊ नये? आमच्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांची सावली चालत नव्हती. हे पूर्वज ख्रिस्ती झाल्यावर आम्ही विसरायचे का?

माझ्या आजोळी उपासनेत गाणी, प्रार्थना सगळं होतं. पण आम्ही कोण होतो, हे कोणी बोलत नव्हतं. चर्चमध्ये आलो म्हणजे मागचं पुसलं, असं धरलेलं. मलाही वाटायचं की पुसलं गेलं तर बरंच. निर्मळ वाचले त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आलं.

नगरचा_वाचक

रानफूल ताई, काय बोलू. माझीही आजी त्याच वाड्यातली. मी धाग्यात "नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली" एवढंच लिहिलं होतं. वाडा लिहिला नाही. आता लिहितो : मांगवाड्यातली.

मोडीवाला

विल्सन-दांडेकर वादाची आणि श्ट्राउसची सालं शेजारी ठेवून मी कधी पाहिली नव्हती. धन्यवाद.

सांजवात

नगरचा_वाचक, उकिरड्याचा मुद्दा पटला. पण एक विचारते. कबर रिकामी झाली, हे तरी इतिहासाने कसं सिद्ध करणार? तिथे हाडं आणि भांडी काय कामाची?

नगरचा_वाचक

सिद्ध होणार नाही, असं मला वाटतं. पॅननबर्ग या जर्मन ईश्वरविज्ञान्याने १९६४ मध्ये ठाम लिहिलं की पुनरुत्थान ही इतिहासात घडलेली घटना आहे आणि इतिहासकाराने "असं कधी घडत नाही" हे आधीच ठरवून बसू नये. त्यांच्या धैर्याचा मला आदर आहे. तरी ट्रोल्चच्या कसोट्यांपुढे ती घटना बसत नाही, आणि बसवायला गेलं की ती दुसऱ्या कुठल्या घटनेसारखी होऊन जाते. शिष्यांना काहीतरी दिसलं आणि त्यासाठी त्यांच्यातल्या काहींनी जीव दिला, इथपर्यंत इतिहास मला घेऊन येतो. पुढची उडी माझी. लेसिंगची चर तिथेच आहे, बुजलेली नाही.

पण क्रूस या काठावर आहे. १९६८ मध्ये यरुशलेमजवळ एका कबरीत अस्थिपेटी सापडली. तीत एका माणसाच्या टाचेचं हाड होतं, आणि त्यातून आरपार गेलेला सुमारे साडेअकरा सेंटिमीटरचा लोखंडी खिळा. टोक वाकलेलं होतं, म्हणून मेल्यावर काढता आला नाही. पेटीवर नाव कोरलेलं, यहोहानान. खिळा तसाच ठेवून घरच्यांनी त्याला पुरलं. त्याचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या गळ्यातल्या क्रुसाला मला हात लावता येईना.

आणि पिलात. १९६१ मध्ये कैसरियाच्या रंगशाळेत पायरी म्हणून लावलेला एक दगड निघाला. त्यावर त्याचं नाव आणि हुद्दा. रोमी इतिहासकार टॅसिटस त्याला 'प्रोक्युरेटर' म्हणतो, दगड म्हणतो 'प्रीफेक्ट'. आजीचा सुभेदार. सूड घ्यायला आम्ही त्याचं नाव घेत नाही, आजी. कधी आणि कुणाच्या राज्यात झालं, ते कोणी पुसू नये म्हणून घेतो.

पाचूबंदर

नगरच्या दादा, एक मदत हवी होती. आमच्याकडे शुभशुक्रवारी दुःखसहनाचा वृत्तान्त वाचतात, गर्दीचे संवाद लोक म्हणतात. योहानातलं "ज्यू" हे पुन्हा पुन्हा येतं. १९५९ मध्ये पोप तेविसाव्या योहानांनी त्या दिवसाच्या प्रार्थनेतला ज्यूंना 'विश्वासघातकी' म्हणणारा लॅटिन शब्द काढला. १९६५ च्या 'नोस्त्रा एताते' या व्हॅटिकन परिषदेच्या जाहीरनाम्याने सांगितलं की येशूच्या मरणाचा दोष सगळ्या ज्यूंवर, तेव्हाच्या किंवा आताच्या, टाकता येत नाही. पण वाचन तेच आहे. आमच्या गावात एकही ज्यू नाही, म्हणून कोणाला खटकत नाही. हा धागा वाचल्यापासून मला खटकतंय. वाचनाआधी दोन मिनिटं बोलायला फादरांनी मला परवानगी दिलीय. काय बोलू?

नगरचा_वाचक

पाचूबंदर, मी असतो तर तीन गोष्टी सांगितल्या असत्या. येशू ज्यू होता, मरिया ज्यू होती, कबरीकडे गेलेल्या बायका ज्यू होत्या. क्रूस ही रोमी शिक्षा होती, हुकूम पिलाताचा. आणि योहानाने हे लिहिलं तेव्हा त्याची मंडळी आणि सभास्थान यांच्यात घरातलं कडू भांडण चालू होतं, त्या भांडणाचा आवाज या वाचनात आहे.

मग यहोहानानच्या टाचेबद्दल सांगा. त्याला पुरणारेही ज्यूच होते.

पाचूबंदर

लिहून घेतलं. टाचेचं सगळ्यात आधी सांगतो.